लगाम ओढला की घोडा आ वासतो: दात, बिट की हात?

उभीवाट (प्रश्न)

मारवाडी, खच्ची, वय ४ वर्षे ८ महिने, उंची ६० इंच. पाच महिन्यांपासून स्वारीखाली आहे. दुडकीतून थांबवायला गेलं की आ वासतो आणि खालचा जबडा उजवीकडे सरकवतो. डावीकडच्या वळणावर कधीकधी जीभही उजव्या बाजूने बाहेर काढतो. पहिली दहा मिनिटं यातलं काही नसतं. चालीतून थांबवलं तर क्वचित. उजवीकडच्या वळणावर जवळजवळ नाहीच. लगाम उतरवला की लागोपाठ दोन-तीन जांभया देतो.

सामान असं: एका सांध्याचं स्नॅफल (तोंडात बसणारं साधं बिट), सुट्या म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या कड्यांचं, साडेपाच इंची, १८ मिलिमीटर जाड. साधा नोजबँड (नाकाभोवतीचा पट्टा) आणि त्याला जोडलेला, बिटच्या खालून हनुवटीभोवती जाणारा फ्लॅशचा पट्टा. आधीच्या मालकाकडे काटेरी लगाम होता, तो घोडा आला त्याच दिवशी काढला.

सल्ले दोन मिळालेत. एक, फ्लॅश दोन भोकं आवळा. दोन, बारीक आणि कडक बिट घाला, घोडा हट्टी आहे. दोन्ही पटत नाहीत. कोणत्या क्रमाने काय तपासायचं, आणि पशुवैद्यक येण्याआधी घरच्या घरी काय पाहता येतं?

दाढसुळा

दोन्ही सल्ले बाजूला ठेवलेत ते उत्तम केलंत. आधी या वयाच्या तोंडात काय चाललेलं असतं ते बघू.

पावणेपाच वर्षं म्हणजे दात बदलण्याचा शेवटचा टप्पा. पुढच्या दातांपैकी अगदी कडेचे दुधाचे दात साडेचारच्या सुमारास पडतात. नराचे सुळे साडेचार ते पाचच्या दरम्यान हिरडी फाडून वर येतात, आणि ती जागा बिटच्या थोडीच पुढे असते. दाढांवरच्या दुधाच्या टोप्या अडीच, तीन आणि चार वर्षांच्या आगेमागे निघतात. शेवटची टोपी कधीकधी अडकून राहते, तिरकी होते आणि गालाला नाहीतर हिरडीला टोचत बसते. म्हणजे तुमच्या घोड्याच्या तोंडात या घडीला तीन ठिकाणी हिरडी हुळहुळी असू शकते.

त्यात वुल्फ टूथ. पहिल्या मोठ्या दाढेला अगदी लागून पुढे हरभऱ्याएवढा दात असतो तो. वरच्या जबड्यात बराच आढळतो, खालच्यात क्वचित. वर आलेला निदान दिसतो तरी. हिरडीखाली आडवा अडकलेला दिसत नाही, फक्त बोटाला टणक गाठ लागते, आणि बिटने हिरडी त्या गाठीवर दाबली गेली की घोडा कळवळतो. एका बाजूच्या वळणावरच तोंड उघडत असेल तर हा दात आधी शोधायचा.

तिसरी गोष्ट धार. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड नीट झिजत नाही, तिथे चाकूसारखी धार येते. वरची धार गाल कापते, खालची जीभ. खुराक जास्त आणि गवत कमी असेल तर ही धार लवकर येते, कारण दाणा चावताना जबडा गवताइतका आडवा फिरत नाही.

आता घरी काय पाहायचं. घोडा शांत, मोहरकीवर (बिट नसलेल्या मुखपट्ट्यावर), एक माणूस धरायला, हातात बॅटरी.

आधी ओठांचे कोपरे. दोन्ही हातांनी कोपरा हलकेच ताणून आतली त्वचा बघा. भेग, कच्ची गुलाबी जागा, पांढरा पडलेला डाग, घट्टा. दोन्ही बाजूंची तुलना करा, एकट्या बाजूवरून काही ठरवू नका.

मग बार, म्हणजे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली बिनदाताची जागा. बिट बसतं ती हीच. कोपऱ्यातून अंगठा आत घालून खालच्या जबड्याची कड हळूहळू चाचपा. निरोगी बार गुळगुळीत आणि एकसारखा लागतो. हाडाच्या कडेवर इथे पातळ अस्तरापलीकडे काहीही नसतं, मांसाची गादी नाही. म्हणून वारंवार मार बसला की हाड स्वतःच वर उचलतं आणि टोकदार उंचवटा तयार होतो. काटेरी लगाम लागलेल्या घोड्यात हे आवर्जून बघा. बोट मात्र मोकळ्या जागेतच ठेवा. दाढांच्या ओळीत गेलं आणि घोड्याने तोंड मिटलं तर बोट तुटतं.

तिसरं, बाहेरून गाल. वरच्या दाढांच्या रेषेत, तोंडाच्या कोपऱ्यापासून मागे, दोन बोटांनी गाल दाढांवर हलकेच दाबत जा. घोडा डोकं झटकून काढून घेईल ती जागा आतून कापलेली समजा. नोजबँड नेमका याच भागावरून जातो हे लक्षात ठेवा.

शेवटी जीभ. ओढून बाहेर काढायची नाही. जिभेचं मूळ ज्या नाजूक हाडांना बांधलेलं असतं त्यांना इजा होते. कोपऱ्यातून अंगठा आत घालून टाळूला हलकेच टेकवला की घोडा आपणच तोंड उघडतो. जिभेवर आडवी, फिकट, कडक रेघ किंवा कडेला खाच दिसली तर ती जुन्या जखमेची खूण.

एवढं करूनही मागच्या दाढा दिसणार नाहीत. त्यासाठी हलकी भूल, तोंड उघडं धरणारा स्पेक्युलम, डोक्यावरचा दिवा आणि आरसा लागतो. ते काम पशुवैद्यकाचंच. बाजारात कानस घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून भूल न देता दात घासून घेऊ नका. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एकदा तरी.

आणखी एक. बाहेर रक्त दिसत नाही म्हणजे आत जखम नाही असं धरू नका. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर (दुडकीच्या शर्यतीच्या) घोड्यांची तोंडं तपासली, त्यांत ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात बिटच्या जागी ताजी इजा निघाली. बाहेरून रक्त दिसलेले त्यांत अगदी थोडे होते.

हलकाहात

दातांचं वर आलंच आहे. ते निकाली लागेपर्यंत कोणताही सराव सुरू करू नका. तोवर एक चाचणी मात्र करता येते, आणि त्रास कुठून येतोय हे तिच्यावरून बऱ्यापैकी वेगळं काढता येतं. घोड्याला एकाच गोलात, साधारण १५ मीटर व्यासाच्या, डावीकडे आणि उजवीकडे पाच-पाच मिनिटं फिरवायचं आणि मोबाईलने तोंडाच्या उंचीवरून चित्रण करायचं.

पहिल्यांदा फक्त मोहरकी, लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर. दुसऱ्यांदा बिट तोंडात, पण रेन (हातात धरायची वादी) काढलेली आणि नोजबँडही काढलेला. लाँजची दोरी मोहरकीलाच, बिटला नाही. तिसऱ्यांदा त्यावर खोगीर, तंग रोजच्याइतका कसलेला. चौथ्यांदा स्वार वर, रेन लांब सोडलेली. पाचव्यांदा नेहमीसारखी धरलेली.

मोहरकीवरही तोंड उघडत असेल तर बिटचा संबंधच नाही. मान, पाय किंवा तोंडातलं दुखणं बघा. दुसऱ्या टप्प्यावर सुरू झालं तर दात किंवा बिटचं माप. खोगिरानंतर सुरू झालं तर खोगिराची बैठक, तंग, पाठ. स्वाराच्या वजनाने सुरू झालं तर पाठ आणि मागचे पाय. फक्त शेवटच्या टप्प्यात दिसलं तर हात, किंवा हाताने बिट दुखऱ्या जागी नेलं जातंय.

तुम्ही लिहिलंय की पहिली दहा मिनिटं ठीक असतं. ही माहिती महत्त्वाची आहे. दाताचं दुखणं बहुतेक वेळा पहिल्याच ओढीला दिसतं. दहा मिनिटांनंतर सुरू होणारं काहीतरी थकव्याशी जोडलेलं असू शकतं: पोल (कानांमागचा माथा) दुखायला लागणं, मागचा एक पाय कमी भार घेणं, किंवा स्वाराचाच हात दमून जड होणं. ब्रिटिश अश्ववैद्यक सू डायसन यांनी २०१८ मध्ये स्वारीखालच्या घोड्याच्या दुखण्याच्या २४ खुणांची यादी मांडली. दात विलग होतील इतकं तोंड दहा सेकंद किंवा जास्त उघडं राहणं ही त्यातली एक. जीभ बाहेर येणं दुसरी, बिट एका बाजूने ओढलं जाणं तिसरी. त्याशिवाय कान पाच सेकंदांपेक्षा जास्त मागे, शेपटीचे झटके, डोकं तिरकं, मागच्या खुरांची टोकं घासणं वगैरे. आठ किंवा अधिक खुणा एकत्र दिसल्या तर हाडं-स्नायूंत दुखणं असण्याची शक्यता मोठी. तुमच्या चित्रणातून या खुणा एकेक मोजा, नुसत्या तोंडाकडे बघत बसू नका.

आता तोंड उघडण्याने घोड्याला मिळतं काय? बिट जिभेवर आणि बारवर टेकतं. रेन ताणली की दाब वाढतो. जीभ आधीच तोंडभर असते, मागे सरकायला जागा नसते. जबडा खाली सोडला की बिटचा कोन बदलतो, दाब बारवरून ओठांच्या कोपऱ्यांकडे जातो, आणि जीभ मागे ओढून घ्यायला किंवा बाजूने काढायला फट मिळते. जबडा उजवीकडे सरकवला की डावा बार डाव्या रेनच्या ओढीखालून निसटतो. डाव्या वळणावर जबडा उजवीकडे जातोय याचा अर्थ तो डाव्या बाजूचा दाब टाळतोय. तपासणी तिथूनच सुरू करायला सांगा.

आणि मूळ दुखणं बरं झाल्यावरही सवय उरते. घोडा कोणती कृती शिकतो? दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी तो जी करत असतो ती. स्वार थांबायला ओढतो, घोडा आ वासतो, स्वार दचकून किंवा दया येऊन हात सैल करतो. दहा-वीस वेळा असं झालं की आ वासणं हेच थांबण्याच्या इशाऱ्याचं उत्तर होऊन बसतं. उलट बाजूही तितकीच वाईट: घोडा थांबला तरी हात ओढलेलाच, म्हणजे बरोबर उत्तराला सुटकाच नाही. मग तो एकेक करून दुसरी उत्तरं शोधत जातो. त्याला हट्ट म्हणणं चूक आहे. तो विचारतोय की नेमकं काय केलं म्हणजे सुटेल.

खोगीरसाज

मापाकडे येतो, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ६० इंची मारवाड्याला साडेपाच इंची बिट बहुधा मोठं. साडेपाच इंच म्हणजे १४० मिलिमीटर. थोरोब्रेडच्या मापाचं सामान कानपूरहून तयार येतं, दुकानात पाच आणि साडेपाचच सहज मिळतं, म्हणून तेच घातलं जातं.

तोंड मोजायचं असं. गुळगुळीत लाकडी पट्टी किंवा सुतळी बिटच्या जागी तोंडात आडवी धरा. ओठ न ताणता, ते आपसूक मिटतात तिथे दोन्ही बाजूंना खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तोंडाची रुंदी. सुट्या कड्यांच्या बिटला प्रत्येक बाजूला तीन ते पाच मिलिमीटर जास्त, कारण कडं फिरताना ओठ चिमटू नये. घट्ट कड्यांच्या, म्हणजे एगबट बिटला दोनच पुरेत.

मोठं बिट काय करतं ते हातात धरून बघा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तोंडासारखी धरून त्यात बिट आडवं ठेवा आणि डावी रेन ओढा. अख्खं बिट डावीकडे सरकतं. मधला सांधा जिभेच्या मध्यावर न राहता डाव्या बारवर येऊन बसतो, आणि उजवं कडं उजव्या ओठावर दाबलं जातं. डावीकडे वळताना तुमच्या घोड्याच्या तोंडात हेच घडत असणार. उजवीकडे वळताना त्याची आरशातली प्रतिमा घडते, पण उजव्या बाजूला दुखरा दात नसेल तर घोडा ते निभावून नेतो.

जाडीबद्दलही लिहितो. जाड बिट म्हणजे मऊ, ही समजूत मोठ्या तोंडाच्या घोड्याला लागू पडेल. लहान तोंडात, मांसल जीभ असेल तर १८ मिलिमीटरला जागाच नसते. लोखंड जीभ दाबून धरतं आणि तोंड मिटतच नाही. घोड्यांच्या हालचालींच्या अभ्यासक हिलरी क्लेटन यांनी बिट घातलेल्या तोंडाची क्ष-किरण फ्लुओरोस्कोपी (चालती क्ष-किरण चित्रं) केली, त्या चित्रांतही हेच दिसतं की जीभ आणि टाळू यांच्यात रिकामी जागा नावालाच असते. तेव्हा १४ मिलिमीटर बघा, दोन सांध्यांचं, मध्ये गोलसर चपटा मणी असलेलं, किंवा बिनसांध्याचं किंचित कमानदार. बारीक म्हणजे तारेसारखं नव्हे. १० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

उंची: ओठांच्या कोपऱ्याला दोन सुरकुत्या पडल्या पाहिजेत असं सरसकट सांगितलं जातं. पातळ ओठांच्या घोड्याला दोन सुरकुत्या म्हणजे चोवीस तास कोपरा ओढलेला. बिट कोपऱ्याला नुसतं टेकेल इथून सुरुवात करा, फार तर एक हलकी सुरकुती. खाली आणताना सुळ्यापासून दोन सेंटिमीटर तरी दूर राहील हे बघा.

मारवाडी-काठियावाडी घोड्यांत आणखी एक जागा हमखास चुकते, ती म्हणजे कपाळपट्टी. यांचे कान आत वळलेले आणि एकमेकांच्या जवळ. तयार लगामाची कपाळपट्टी तोकडी पडली की ती डोक्यावरचा पट्टा पुढे ओढून कानाच्या बुंध्यात रुतवते. घोडा डोकं उचलतो, डोकं उचललं की बिटचा कोन बदलतो, आणि आपण तोंडाकडे बघत बसतो. कपाळपट्टीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, आणि कानामागे पट्टा जिथे टेकतो तिथे केस मोडलेले दिसता कामा नयेत.

बिटवर कापसाचा बोळा सगळीकडून फिरवा. धागा अडकला की तिथे खरखर आहे. मुलामा उडालेलं, कड्याचं भोक झिजून मोठं झालेलं बिट कितीही महाग असलं तरी फेका.

काटेरी लगाम काढलात याबद्दल मनापासून धन्यवाद. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ओढकाम करणाऱ्या व ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यातल्या आठव्या नियमानुसार अणकुचीदार टोकं असलेलं बिट जनावर हाकायला, त्यावर स्वार व्हायला किंवा त्याला काबूत ठेवायला वापरता येत नाही. तरी सारंगखेड्याच्या घोडेबाजारापासून लग्नाच्या वरातीपर्यंत ते अजून दिसतं. कुठे विकायला दिसलं तर दुकानदाराला हा नियम जरूर सांगा.

भालदार

नोजबँडबद्दल थोडं वेगळं मत. टेंट पेगिंगला, म्हणजे जमिनीतली खुंटी भाल्याने उचलायच्या खेळात, घोडा भरधाव असतो. एका हातात भाला, एकाच हातात रेन. त्या वेळी घोड्याने तोंड उघडून जीभ बिटवर घेतली तर थांबवायला काही उरत नाही. मैदानाच्या टोकाला प्रेक्षक असतात. तिथे फ्लॅश किंवा ड्रॉप (बिटच्या खालून बांधायचा) नोजबँड हा सुरक्षेचा भाग आहे. सगळं सैल करा म्हणणं सोपं आहे.

दाढसुळा

भालदार, सुरक्षेचा मुद्दा रास्त आहे आणि तो उडवून लावायचा नाही. पण आवळलेला नोजबँड तोंड उघडण्याचं कारण काढत नाही, कारण दिसायचं बंद करतो. खाली दाढांची धार असेल तर पट्टा गाल त्या धारेवर दाबून धरतो. जीभ दाबली गेली की घोडा गिळू शकत नाही, लाळ साठते.

२०१७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांतल्या ७५० घोड्यांचे नोजबँड मोजले होते. ४४ टक्क्यांच्या खाली एक बोटही जात नव्हतं. दोन बोटांची मोकळीक फक्त ७ टक्क्यांना होती. दुसऱ्या एका अभ्यासात पट्टा पूर्ण आवळल्यावर घोड्यांची नाडी वाढली, चावणं आणि गिळणं जवळजवळ थांबलं. एफईआयने (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने) २०२५ पासून ठरावीक मोजपट्टी आणली. ती नाकाच्या मधल्या हाडावर, पट्ट्याखाली, दीड सेंटिमीटरची जागा आहे का ते बघते. मोजायचं ते तिथेच. बाजूला गालाच्या मऊ भागावर बोटं घातली तर कितीही आवळलेला पट्टा सैल वाटतो.

वापरायचाच असेल तर साधा नोजबँड गालाच्या उंचवट्याच्या हाडाखाली दोन बोटं. ड्रॉप असेल तर नाकपुडीच्या वर चार बोटं, हाडावर. त्याखाली कूर्चा सुरू होते आणि श्वास अडतो. फ्लॅशची अडचण अशी की तो मुख्य पट्ट्याला खाली ओढतो, म्हणून मुख्य पट्टा अजून आवळावा लागतो. या घोड्याचा फ्लॅश तपासणी होईपर्यंत काढूनच ठेवा.

हलकाहात

भालदारांच्या मुद्द्याचा सरावातला भाग: भरधाव घोडा सलग ओढीने थांबत नाही, तो त्या ओढीवर टेकून पळतो. ओढ टापेच्या तालात द्यायची, सोडायची, पुन्हा द्यायची. पण हे चालीत आणि दुडकीत पक्कं झालेलं नसेल तर मैदानात येणार नाही, आणि नोजबँडही त्याची भरपाई करणार नाही.

उभीवाट

तपासणी झाली. वर डावीकडे वुल्फ टूथ, वर आलेला. वर उजवीकडे हिरडीखाली अडकलेला, लहान. वरच्या दाढांना दोन्हीकडे धार, आणि डाव्या गालात आतून व्रण, नेमका फ्लॅश जोडलेल्या पट्ट्याच्या रेषेत. खालचा डावा सुळा नुकताच हिरडीतून डोकावतोय. बारवर उंचवटा नाही. जिभेवर एक जुनी फिकट रेघ. दोन्ही वुल्फ टूथ भूल देऊन काढले, धार घासली. धनुर्वाताची लस चालू होतीच.

तोंडाची रुंदी ११८ मिलिमीटर. पाच टप्प्यांच्या चाचणीत दुसऱ्या टप्प्यापासूनच डावीकडे तोंड चाळवत होता, पूर्ण आ मात्र पाचव्यात. डायसनच्या यादीतल्या चार खुणा. आता पुढे किती दिवस, आणि कसं?

दाढसुळा

दोन आठवडे बिट नाही. पहिले चार-पाच दिवस खुराक भिजवून मऊ, खाल्ल्यावर तोंडात साध्या पाण्याची चूळ सिरिंजने, जोर न लावता. दात काढलेल्या जागी दुर्गंधी, सूज, किंवा घास अर्धवट चावून खाली टाकणं दिसलं तर लगेच कळवा. चौदाव्या दिवशी जागा बोटाने चाचपा. घोडा डोकं काढून घेत असेल तर अजून आठवडा थांबा. सुळ्याची हिरडी महिनाभर हुळहुळी राहू शकते, तिच्यासाठी काही करायचं नाही, बिट तिच्यापासून दूर ठेवायचं.

खोगीरसाज

११८ ला १४० म्हणजे २२ मिलिमीटर जास्त. पावणेपाच इंची एगबट घ्या, १२१ होतं, बरोबर बसेल. दोन सांध्यांचं, १४ मिलिमीटर. जिभेवर जुनी जखम आहे तेव्हा मधला तुकडा कडेने गोल हवा, चपट्या पत्र्यासारखा नको. तो तिरका झाला की कड जिभेत रुतते.

हलकाहात

दोन आठवडे मोहरकीवरच काम. थांब, एक पाऊल मागे, डावं-उजवं वळण, सगळं आवाजाने. थांबण्यासाठी एकच शब्द ठरवा, "हो", आणि तबेल्यातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. मोतद्दाराने वेगळा शब्द वापरला तर सगळं पाण्यात.

पंधराव्या दिवशी नवं बिट, नोजबँड न लावता, नुसतं तोंडात. दहा मिनिटं उभा, मग गवताची पेंडी समोर. तीन दिवस एवढंच. काटेरी लगाम सोसलेला घोडा बिट जवळ आल्यावरच तोंड उघडतो किंवा डोकं उंच नेतो. अशा वेळी बिट दातांवर आपटू देऊ नका. अंगठा बारवर टेकवा, तोंड आपोआप उघडेल तेव्हा आत सरकवा. काढताना घोड्याने स्वतः सोडेपर्यंत थांबा, ओढून काढू नका.

मग जमिनीवरून. डाव्या बाजूला उभं राहून दोन्ही रेन बिटच्या जवळ धरा. आधी "हो", एका सेकंदानंतर दाब, शून्यापासून हळूहळू वाढवत अर्धा किलोपर्यंत. अर्धा किलो म्हणजे किती हे हाताला कळत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली रेनला टांगून धरून बघा. घोड्याने तोंड मिटलेलं ठेवून मान सैल केली किंवा पाऊलभर मागे गेला की त्याच क्षणी पूर्ण सोडा. त्याने तोंड उघडलं तर दाब वाढवायचा नाही आणि सोडायचाही नाही. आहे तिथेच ठेवून तोंड मिटण्याची वाट बघायची. मिटलं की सोडायचं. ही वाट बहुतेक दोन-तीन सेकंदांची असते. पाच सेकंदांवर गेली तर दाब जास्त होता, पुढच्या वेळी निम्म्याने सुरू करा. पाच-सहा वेळा झालं की लांब रेनवर चालू द्या. एका बैठकीत दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

स्वारी त्यानंतर. पहिला आठवडा फक्त चाल, २० मीटरचा गोल. थांबताना क्रम असा: आधी बैठक जड, मग "हो", आणि लागली तरच रेन. दहापैकी आठ थांबे मिटलेल्या तोंडाने झाले की दुडकी. डावीकडे वळताना डावा हात खोगिराकडे मागे ओढू नका, तो किंचित बाहेर उघडा आणि उजवा हात थोडा पुढे द्या. उजवी रेन धरून ठेवून डावी ओढली की बिट दोन्हीकडून चिमट्यासारखं बसतं, आणि बहुतेकांकडून हेच होतं.

दुखणं गेल्यावर पहिल्या आठवड्यात तोंड उघडणं एकदम वाढलेलंही दिसेल. जुनं उत्तर चालेनासं झालं की घोडा ते जास्त जोरात देऊन बघतो. चार-पाच दिवसांत उतरतं. उतरलं नाही, किंवा दहा मिनिटांनंतरच सुरू होत राहिलं, तर डायसनच्या यादीतल्या त्या चार खुणा पुन्हा मोजा आणि मागचे पाय तपासून घ्या.

जांभयांबद्दल लिहिलं होतं ते राहिलं. लगाम काढल्यावर लागोपाठ जांभया आल्या तर जबड्याचा सांधा आणि पोल ताणलेला असू शकतो. स्वारीनंतर किती जांभया आल्या ते दिनदर्शिकेवर रोज लिहून ठेवा.